ग्रिंगोच्या शेजारची जागा

आयाविरीला गाडी लागली, तेव्हा असुंतानं आधी माणसं पाहिली आणि मग जागा. आमच्या पठारावर गाडीत बसायची हीच रीत आहे. खिडकी मिळाली की नाही ते शहरातल्यांनी बघावं, आपण बघायचं ते शेजारी कोण आहे. त्या दिवशी दुसऱ्या वर्गाच्या डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. बाया गाठोड्यांवर बसल्या होत्या, गाठोडी कोंबड्यांवर, आणि तरीही मधल्या एका बाकावर एका माणसाची जागा चक्क मोकळी होती. कारण त्या बाकावर खिडकीशी ग्रिंगो बसला होता.

पोरगेलासाच होता. पिंजारलेली दाढी, उन्हानं सोललेलं नाक आणि मांडीवर एक भलीमोठी सॅक. त्याच्यासारखे गोरे पहिल्या वर्गात बसतात, तिथं गाद्या आहेत, चहा आहे, काचा बंद होतात. हा इथं लाकडी बाकावर कशाला तडमडला होता, ते त्यालाच ठाऊक.

असुंता समोरच्या बाकाकडे वळली. तिथं तोरिबिया आजी बसली होती. सिकुआनीच्या बाजारात बटाट्याच्या ढिगामागे बसणारी ही म्हातारी म्हणजे त्या बाजाराची अर्धी तोंडं आणि सगळे कान. तिनं एखादीच्या चीजला बरं म्हटलं, की दुपारपर्यंत त्या बाईची टोपली रिकामी व्हायची. आणि नाक मुरडलं, तर ते चीज तसंच घरी न्यावं लागायचं. असुंता चीजच विकायची. नवरा गेल्यापासून तिचं घर चीजवरच चाललं होतं.

"जरा सरक गं आजी."

"ये. माझ्या मांडीवर बस हवं तर, पण त्या बाजूला जाऊ नकोस," तोरिबिया आवाज न उतरवता म्हणाली. आपली बोली त्या गोऱ्याला थोडीच कळते. "हुलियाकापासून बघतेय मी मेल्याला. डोळा म्हणून मिटलेला नाही. आणि आपल्यातलं कुणी पेंगायला लागलं, की टक लावून बघतो."

"तू बरी जागी राहिलीस."

"मला या वयात झोप येते कुठं? आणि माझ्या अंगावर चरबी तरी कुठाय? घेऊन घेऊन काय घेणार तो, सुरकुत्या?"

असुंता हसली, पण तिनं शालीखालून लसणाची पाकळी काढून दाढेखाली धरली. खारिसिरीची चेष्टा म्हातारीला परवडत होती, तिला नव्हती. खारिसिरीला झोपलेला माणूस लागतो. जागत्या माणसाला तो हात लावू शकत नाही, पण शेजारी डुलकी लागली, की कमरेवर एक छोटंसं यंत्र टेकवतो आणि आतली चरबी काढून घेतो. ना रक्त, ना दुखणं. माणूस उठतो, घरी जातो, जेवतो. मग काही दिवसांनी जेवण जाईनासं होतं. ती चरबी कशाला लागते, यावर मात्र दोन मतं आहेत. कुणी म्हणतं चर्चच्या घंटा घडवायला, कुणी म्हणतं याच रेल्वेची चाकं गुळगुळीत ठेवायला.

असुंताचा नवरा मेलितोन याच गाडीत झोपला होता. लोकर विकून येत होता, दमलेला होता, आणि शेजारी एक हॅटवाला बसला होता, बॅग घेऊन. घरी आला तेव्हा ठणठणीत होता. पुढच्या आठवड्यात बरगडीखाली एक तांबडी रेघ दिसली आणि त्यानंतर तो सुकत सुकत गेला. दवाखान्यातला माणूस म्हणाला, यकृत खराब होतं. असेल. पण यकृत काय, गाडीत बसायच्या आधीही होतंच की त्याच्याकडे. तेव्हापासून असुंतानं गाडीत पाठ टेकली नव्हती. तिची खात्री होती, आणि ती खात्री तिनं नवऱ्याची आठवण जपावी तशी जपली होती.

गाडीनं आयाविरी सोडलं आणि चढ लागला. ग्रिंगोनं सॅकच्या खिशातून गोळ्यांची पुडी काढली आणि हसत सगळ्यांपुढं धरली. कुणी हात पुढं केला नाही. बायांनी पोरांचे हात धरून ठेवले. घेतली ती एकट्या फाबियान काकांनी. ते हुलियाकाला कुणाच्या तरी बारशाला जाऊन आले होते आणि बारशाच्या दारूचा वास अजून त्यांच्या तोंडाला येत होता. त्यांनी गोळी तोंडात टाकली, ग्रिंगोला आशीर्वाद दिला आणि बाकाच्या कडेला मान टाकून घोरायला लागले.

"संपलं," तोरिबिया म्हणाली. "आता याचं काय होतंय ते बघत बसायचं."

मग ग्रिंगोनं सॅक मांडीवरून बाजूला सरकवली आणि पायांतले बूट काढले. सॅकमधून एक चपटी डबी काढली, झाकण फिरवलं, आणि आत बोट घालून पिवळी, मऊ चरबी बाहेर काढली. ती तो बुटांना चोळायला लागला. सावकाश, शिवणीशिवणीतून, कातडं चमकेपर्यंत.

मक्याचे दाणे खाणारी तोंडं तशीच राहिली.

"कशाची गं असेल?" तोरिबियानं विचारलं. या वेळी आवाज उतरवून.

असुंताला ठाऊक नव्हतं. पण म्हातारीनं तिला विचारलं होतं, कारण डब्यात खारिसिरीनं विधवा केलेली तीच एक होती, आणि अशा वेळी ठाऊक नाही म्हणणं तिला जमलं नाही.

"माणसाची," ती म्हणाली. "जनावराची इतकी पिवळी नसते."

एवढंच ती बोलली. पण ते वाक्य बाकावरून बाकावर गेलं, आणि दुसऱ्या दारापाशी पोचेपर्यंत डब्या दोन झाल्या होत्या आणि एका डबीत मेलितोन होता. तिकडून सेनोबियो उठून आला. कातड्यांचा व्यापारी, अंगानं आडवा, सगळ्या स्टेशनांवर ओळखी असलेला. तो आधी फाबियान काकांपाशी थांबला. त्यांना हलवलं. गालावर चापट्या मारल्या. काका उठले नाहीत. मघाचं घोरणंही थांबलं होतं.

"याला काय खायला दिलं त्यानं?"

"गोळी," पाच-सहाजण एकदम म्हणाले.

"नाडी आहे," सेनोबियो म्हणाला, आणि वाटलं की त्याला जरा वाईटच वाटलं. "अजून आहे. आता ला रायाची खिंड येईल. तिथं गाडी थांबते. उतरवू या त्या गोऱ्याला खाली. खिंडीतली माणसं बघून घेतील काय ते."

दोघे-तिघे दणकट गडी उठलेच. खिंडीतली माणसं काय बघून घेतात, हे डब्यात सगळ्यांना माहीत होतं. आदल्या वर्षी सांता रोसाजवळ त्यांनी एका लोकर खरेदी करणाऱ्याला असंच बघून घेतलं होतं. त्याच्याजवळ यंत्र सापडलं होतं. नंतर कुणीतरी ते यंत्र ओळखलं, तो लोकर तोलायचा ताणकाटा होता. पण तोवर तो माणूस ओळखण्याजोगा राहिला नव्हता. त्याची टोपी रस्त्याच्या कडेला कितीतरी दिवस पडून होती. चांगली टोपी होती, पण कुणी उचलली नाही. असुंता बाजाराला जाता-येता ती बघायची आणि मान फिरवायची.

ग्रिंगोला एव्हाना काहीतरी कळलं होतं. "काही अडचण आहे का?" त्यानं मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलं. तोंडावर हसू होतं, मग ते गेलं. सगळे डबीकडे बघताहेत हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्या बावळटानं काय करावं? डबीच पुढं केली. हवी असेल तर घ्या म्हणून. पुढं आलेले गडी दोन पावलं मागं सरले, एक बाई किंचाळली, आणि सेनोबियो म्हणाला, "बघा. आता आपल्यालाच देतोय."

असुंता त्याच्या हाताकडे बघत होती. चोर आपला माल असा पुढं करतो का? करत नाही. पण पक्का चोर करत असेलही, कुणी सांगावं. तिला काहीच ठरवता येईना. मघाशी तिला संशय होता आणि तिनं खात्री असल्यासारखं सांगितलं होतं. आता त्या सांगण्यावर माणूस मरणार होता. हाच मेलितोनचा मारेकरी असता, तरी तिनं स्वतःच्या हातानं त्याला ढकललं असतं. पण हा तो नव्हता. हा फार तर त्याच्यासारखा होता. तिला त्या पोराची दया आली म्हणावं तर तसंही नाही. तिला भीती वाटली, की आता आणखी एक टोपी रस्त्यात दिसेल आणि ती आपल्यामुळे पडलेली असेल.

ती उठली. "थांबा. मी म्हटलं, पण मी काही बघितलेलं नाही."

"तूच म्हणालीस माणसाची म्हणून," सेनोबियो म्हणाला.

"म्हणाले. आता म्हणते, खात्री करून घेऊ. मी झोपते त्याच्या शेजारी. सिकुआनीपर्यंत."

"डोकं फिरलंय का तुझं?" तोरिबियानं तिची शाल धरून ओढली. "मेलितोनचं बघितलंस ना तू? आपल्या हातांनी अंघोळ घालायचीस त्याला, विसरलीस?"

"नाही विसरले. म्हणून तर मी झोपते. दुसरं कोण झोपेल? तू?"

तोरिबियानं शाल सोडली.

"तू सोंग घेशील," सेनोबियो म्हणाला.

"मग बघा की. एवढी डोळेवाली माणसं आहात."

"लसूण थुंक आधी."

असुंतानं दाढेखालची पाकळी खिडकीबाहेर थुंकली. तोरिबियानं आपली टकळी तिच्या हातात दिली, लोकरीच्या पेळूसकट. आमच्या बाया गाडीत सूत काढतात ते फक्त सुतासाठी नाही. टकळी हातातून गळली, की समजायचं बाईचा डोळा लागला, आणि शेजारणीनं कोपर मारून तिला उठवायचं. "पडली की आम्हाला कळेल," तोरिबिया म्हणाली. "आणि आज कोपर मारणार नाही कुणी. तूच मागितलंयस हे."

असुंता त्या मोकळ्या जागेवर जाऊन बसली. ग्रिंगो खिडकीला चिकटला. त्याच्या अंगाला बरेच दिवस न धुतलेल्या लोकरीचा वास येत होता, म्हणजे डब्यातल्या इतरांसारखाच. तिनं कमर त्याच्या बाजूला केली, कारण मागाहून कुणी म्हणायला नको, आणि डोळे मिटले.

ला राया आलं. खिंडीतला वारा दारातून आत शिरला. फलाटावर शाली विकणाऱ्या बायांचा गलका झाला, कुणाचं तरी लामा जनावर केकाटलं. असुंता ऐकत होती. कुणी एकानं हाक मारली असती, तरी पुरे होतं. सेनोबियोच्या ओळखीचे खिंडीत उभेच असणार. पण डब्यातलं कुणी हललं नाही. सगळे तिच्या हाताकडे बघत असावेत. शिट्टी झाली, गाडी हलली, उतार लागल्याचं बाकाला कळलं. तेव्हा तिनं बोटं सैल केली आणि टकळी पडू दिली.

झोप कसली येते? टकळी घरंगळत कुणाच्या तरी पायाशी गेली आणि डब्यानं श्वास धरला, तो तिला ऐकू आला. झोपलेल्या माणसाचा श्वास कसा असतो ते ती आठवत राहिली. मेलितोन कसा घ्यायचा, आत एक, मग जरा थांबून बाहेर. तसा ती घेत राहिली.

आणि मग तिच्या कमरेला हात लागला.

बरगडीखाली, अगदी त्याच जागी. आधी बोटांची टोकं, सावध, उठणार तर नाही ना बघणारी. मग पूर्ण हात. ओरडायचं असेल, तर आता. ती ओरडली, की डबा त्याच्यावर तुटून पडेल आणि ती जगेल. नाही ओरडली, तर घरी जाईल, जेवेल आणि पुढच्या आठवड्यात रेघ दिसेल. मेलितोनलाही असाच हात लागला असेल का? त्याला कळलं असेल का? तिनं दात आवळले. काही टोचलं तर ओरडेन, ती मनात म्हणाली. टोचू दे आधी.

टोचलं नाही. हात तिच्या अंगाखाली शिरला आणि काहीतरी ओढायला लागला. सावकाश, थोडं थोडं. एक जाड पट्टा तिच्या कमरेखालून सरपटत निघाला. ती बसली होती ती त्याच्या सॅकच्या पट्ट्यावर. पट्टा सुटला, बकल लागल्याचा खटका ऐकू आला, आणि ती मोठी सॅक तिच्या बाजूनं उचलली जाऊन खिडकीच्या बाजूला दाबून बसवली गेली. हळू, भीत भीत, शेजारी झोपलेली चोरटी जागी होऊ नये म्हणून.

पहिल्यांदा तोरिबियाला कळलं. "अगं बाई," ती म्हणाली, "हा तर हिलाच चोर समजतोय." आणि म्हातारी जी हसत सुटली, ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. डबाभर हसू पसरलं. कुणी आपली गाठोडी छातीशी धरून ग्रिंगोची नक्कल केली. कुणी म्हणालं, याला उतरवायच्या आधी विचारा, पाकीट जाग्यावर आहे का. सेनोबियोसुद्धा हसला, मनाविरुद्ध. आणि ज्याला इतकं हसलं, त्याला गाडीतून ओढून काढायला मग कुणाचे हात उचलेनात. गडी आपापल्या जागी जाऊन बसले.

असुंताला हसता येत नव्हतं, ती झोपली होती. तिला राग आला होता. ज्याच्यासाठी जीव टांगणीला लावला, तो आपली चड्डीबनियनं तिच्यापासून वाचवत होता. आणि रागाबरोबर हलकंही वाटलं. तिनं मान मागं टाकली. आणि मेलितोन गेल्यापासून पहिल्यांदाच, गाडीच्या त्या लाकडी बाकावर, तिला खरोखरची गाढ झोप लागली.

जाग आली तेव्हा गाडी उभी होती. सिकुआनी आलं होतं. बाहेर ऊन होतं, लोक उतरत होते, आणि तिला कुणी उठवलं नव्हतं. फाबियान काका मात्र उठून बसले होते, डोकं धरून पाणी मागत होते. ग्रिंगो खिडकीशी तसाच होता. समोर तोरिबिया आणि सेनोबियो, मागं आणखी काहीजण, उतरायचं सोडून तिच्याकडे बघत उभे होते. कुणी हसत नव्हतं. ती झोपली असताना ते बोलत असले पाहिजेत.

"झोप लागली?" सेनोबियोनं विचारलं.

"लागली."

"आता कसं वाटतंय?"

"बरं वाटतंय."

"कमर?"

"ठीक आहे."

"काही दुखत नाही? जरासंही?"

तोरिबियानं तिच्याकडे असं बघितलं, की दुखतंय म्हण गं पोरी, थोडंसं तरी म्हण. तेव्हा असुंताला उमगलं. जो माणूस खारिसिरीशेजारी झोपतो तो मरतो, आणि जो मरत नाही, ज्याला साधी टोचणीही लागत नाही, तो कोण असतो? खारिसिरी आपल्याच साथीदारांना सोडतो, हे लहान पोरालाही ठाऊक आहे. दुखतंय म्हटलं, तर ती वाचत होती. आणि त्या पोरासाठी सेनोबियोचे गडी अजून दारात उभे होते.

तिनं खिडकीकडे पाहिलं नाही. "काही नाही दुखत," ती म्हणाली. "मस्त झोपले."

सेनोबियो बाजूला झाला. गडीही झाले, जरा जास्तच बाजूला. असुंता आपलं चीजचं गाठोडं घेऊन खाली उतरली. फलाटावर तिनं शालीत गाठोडं बांधलं, खाली बसून शालीची टोकं खांद्यावरून पुढं घेतली आणि वाट बघत थांबली. आमच्याकडे असं ओझं एकट्यानं उचलत नाहीत. एकजण मागून उचलून देतो, दुसरा उठतो आणि छातीवर गाठ मारतो. सांगावं लागत नाही, अनोळखी माणूससुद्धा देतो. तोरिबियानं तर आजवर तिला कितीदा दिलं होतं.

"आजी," असुंता म्हणाली. "जरा हात लाव."

तोरिबियानं दोन्ही हात शालीत घातले. "माझी पाठ धरलीय गं," ती म्हणाली. बाकीच्या बायांनाही एकाएकी पोरं सापडेनाशी झाली होती, कोंबड्या मोजायच्या होत्या. असुंता उकिडवी बसून राहिली. मान खाली घातली, कारण रडू येत होतं आणि ते या लोकांना दाखवायचं नव्हतं. हा बाजार तिचा संपला होता. इथलं एकही माणूस आता तिच्या हातचं चीज तोंडात घालणार नव्हतं.

एवढ्यात मागून ओझं हलकं झालं.

ग्रिंगो खाली उतरला होता. सॅक गाडीतच टाकून, दोन्ही हात मोकळे करून. त्याला काय उमगलं होतं देव जाणे, पण तो तोंडानं माफी मागत होता, पुन्हापुन्हा, आणि कान लाल झाले होते. त्यानं गाठोडं नीट उचलून तिच्या पाठीवर बसवलं आणि ती उभी राहीपर्यंत खालून धरून ठेवलं. मायेनं, एखाद्या घरच्या पोरासारखं. असुंतानं गाठ मारली. त्याला झिडकारावं असं फार वाटलं, पण ओझं खरंच जड होतं आणि दुसरं कुणी येणार नव्हतं.

"सांभाळून जा पोरा," ती म्हणाली.

फलाटावर सगळे बघत होते. तिला वाट द्यायला बाया मागं सरल्या, आणि तोरिबियाचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

"बघितलंत? मी म्हणत नव्हते? ओळखीचाच आहे तिच्या."